यंदा ट्रूप घ्यायचा की नाही

प्रिय सुमे,

तुझा गणपतीतला व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, मागे झांजा एवढ्या जोरात की तुझं निम्मं बोलणं बुडालंय, पण "तू एवढी का तुटलीयेस ते नीट लिहून पाठव" एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं. म्हणून बसलेय लिहायला. फोनवर सांगायला लागले असते तर मला रडू आलं असतं आणि तुझी शाळेची वेळ झाली असती.

विषय तोच गं, इथल्या अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सचा माझा ट्रूप, म्हणजे मुलींचं पथक. तू स्वतः गाईड कॅप्टन आहेस म्हणून तुला सांगतेय, बाकी कुणाला सांगितलं की म्हणतात एवढा त्रास होतोय तर सोडून दे ना, फुकटचं काम आहे. तुमच्याकडे निदान युनिट शाळेचं असतं, शिक्षिकेला ट्रेनिंगला पाठवतात, जागा असते, तास असतो. इथे शाळेचा काही संबंध नाही. ट्रूप म्हणजे दोन आया आणि दहा-बारा मुली, जागा मिळेल तिथे. आमची मीटिंग एका चर्चच्या तळघरात, एक मंगळवार आड, संध्याकाळी साडेसहाला. मोठी माणसं दोन लागतातच, आणि ती एकमेकांच्या नात्यातली नकोत असा नियम आहे (तो योग्यच आहे), त्यामुळे एकीला ताप आला की मीटिंग रद्द.

२०१० साली माझी मोठी मुलगी पहिलीत होती तेव्हा मी हे घेतलं. शाळेतून घरी कागद आला होता की लीडर मिळाली नाही तर यंदा डेझीचा, म्हणजे सगळ्यात लहान मुलींचा, ट्रूप होणार नाही. मला आपला निळा युनिफॉर्म आठवला, पावसात भिजून कडक झालेली ती दोरी आठवली, आणि मी नाव दिलं. आधीच्या लीडर आजी मला भेटायला आल्या, त्यांनी स्काउट-गाईडच्या रीतीने हात मिळवायला डावा हात पुढे केला आणि माझाही डावाच हात आपोआप पुढे गेला. त्या थांबल्याच. म्हणाल्या तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं पुण्याला, शाळेत, गाईडच्या आधीच्या छोट्या गटात, बुलबुल होते तेव्हापासून. त्यांनी मला एक मोठं खोकं दिलं, त्यात जुनी बॅजची पुस्तकं, कामाच्या पाळ्या लावायचा पुठ्ठ्याचा तक्ता, आणि वर्तमानपत्र विणून त्यावर प्लास्टिक शिवलेली बसकरं. इथे त्याला सिट-अपॉन म्हणतात, पण सुमे ती बसकरंच गं, आजीच्या देवघरापुढची असायची तशी.

मी आले तेव्हा घडी आधीच विस्कटलेली होती. २००८ साली वरून, म्हणजे देशाच्या मुख्य संस्थेकडून, जर्नी नावाचा नवा कार्यक्रम आला होता, आणि २०११ ला जुनी बॅजची पुस्तकं बंद करून नवी आणली. आजींच्या खोक्यातली निम्मी पुस्तकं एका वर्षात बाद. बरं, नवीन येऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. जुन्या पुस्तकांतलं बरंच शिळं झालं होतं, ते मलाही दिसत होतं. पण जर्नी म्हणजे काय, तर एक विषय घ्यायचा, त्यावर कितीतरी मीटिंगा बोलायचं, लिहायचं, लीडर म्हणजे कोण, माझी मूल्यं कोणती, मग समाजासाठी एक प्रोजेक्ट करायचा. आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड यातला कुठलाही मोठा अवॉर्ड हवा तर आधी जर्नी पूर्ण केलेली लागायची. म्हणजे टाळता येत नव्हती. अगं, मुली दिवसभर शाळेत बसून आलेल्या असतात. एकदा पहिल्या मीटिंगला मी कागद वाटायला लागले तर एका आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "आज पण लिहायचंय का?" तक्रार म्हणून विचारलं नाही तिने, नुसतं विचारलं, आणि पेन्सिल काढली. ते मला अजून टोचतं. त्या दिवशी मी कागद परत पिशवीत घातले आणि सगळ्यांना मागच्या अंगणात नेऊन रीफ नॉट नावाची गाठ शिकवली, अंधार पडेपर्यंत.

खोटं कशाला बोलू, एका जर्नीतून आमच्या हातून चांगलं कामही झालं. मुलींनी गावातला ओढा साफ केला, मग नगरपालिकेच्या बैठकीत उभं राहून कचऱ्याचे डबे मागितले, आणि मिळाले. २०१७ नंतर रोबो, कोडिंग, सायबर सुरक्षा असे बॅज आले त्यातलेही काही मुलींना जाम आवडले. पण ते शिकवायचे कुणी? मला कोडिंग येत नाही, ट्रूपमधल्या एका बाबांना येतं म्हणून निभावलं. शेजारच्या ट्रूपच्या लीडर नर्स आहेत, रात्रपाळी करून येतात, त्यांनी काय करायचं? वरच्या लोकांना वाटतं छापील प्लॅन दिला की झालं, अमुक मिनिटं गप्पा, तमुक मिनिटं कात्रणं. तळघरात बारा मुली, त्यातली एक रडतेय कारण तिची मैत्रीण दुसरीशेजारी बसली, आणि त्यात तो प्लॅन.

तुमचं कसं सरळ असतं, प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार. बाईला शिडी माहीत, मुलीला शिडी माहीत, मुलीच्या मोठ्या बहिणीलाही माहीत. इथे माझ्या दोन मुलींमध्ये सात वर्षांचं अंतर, तर मोठीच्या सॅशवरचे, म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्यावरचे, बॅज धाकटीच्या वेळी नाहीतच. ती मोठीला विचारते हा कसा मिळवलास, मोठी सांगते, आणि मी म्हणते, आता तो बंद झालाय.

पण बॅजचं मी सोसलं असतं. कॅम्पचं मला सोसत नाही.

देशभर पूर्वी ३०० च्या वर कौन्सिलं होती, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा संस्थांसारखी धर. साधारण २००६ पासून ती एकमेकांत मिसळत मिसळत ११० च्या आसपास आणली. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटू कौन्सिलने नकार दिला, कोर्टात गेलं, आणि २०११ साली वरच्या कोर्टात जिंकलंसुद्धा, पण ते एक अपवाद. आमचं कौन्सिल मोठ्यात गेलं. आधी ऑफिस वीस मिनिटांवर होतं, तिथल्या बाई नावाने ओळखायच्या, आता दोन तासांवर आहे आणि फोन केला की मशीन बोलतं. मग एकाखाली एवढे कॅम्प झाले म्हटल्यावर हिशेब आला, देखभाल परवडत नाही, विका. हे पुष्कळ राज्यांत झालं, आयोवात, ओहायोत लीडर बायका त्यासाठी कोर्टापर्यंत गेल्या.

आमचाही गेला. तू फोटो पाहिलायस, तळं, काठावर लाकडी जेटी, आणि पाइनच्या झाडांखाली कॅनव्हासचे तंबू. मोठी तिथे आठ वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्याशिवाय झोपली. सकाळी मी न्यायला गेले तर तिने स्वतः पेटवलेल्या चुलीवर माझ्यासाठी कोको केला होता, धुराचा वास लागलेला, आणि मला म्हणाली "आई, तू बस, मी देते". एवढ्याशा पोरीने मला बस म्हटलं सुमे. तो कॅम्प विकायचा निर्णय झाला आणि त्यानंतर आम्हाला सर्व्हे आला, तुम्हाला कॅम्पबद्दल काय वाटतं, एक ते पाच आकड्यांत सांगा. मी तो सर्व्हे भरला, खालच्या चौकोनात मावेल तेवढं लिहिलं. कुणाचंही उत्तर आलं नाही. आता कॅम्पिंगला भाड्याने जागा घेतो, दुप्पट पैसे पडतात, आणि चूल पेटवायला परवानगी नसते.

आता या वर्षीचं. फी. मुलींची वार्षिक सभासद फी २५ डॉलर होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून ४५ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ६५. २०२४ च्या ऑक्टोबरात देशभरातल्या प्रतिनिधींचं मतदान झालं, पहिला प्रस्ताव तर ८५ चा होता. त्यांचं म्हणणं आठ वर्षं फी वाढली नव्हती, तूट आहे, विमा आणि कॉम्प्युटरचा खर्च वाढला. असेलही, महागाई मला पण कळते, दुकानात मीच जाते. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी मदत आहे, फॉर्म भरला की मिळते. पण तो फॉर्म भर असं सांगायला त्या घरी फोन कोण करतं? मी. एका घरातल्या तिघी बहिणी माझ्याकडे येतात, त्यांच्या आईने मला पार्किंगमध्ये थांबवून विचारलं, संस्थेसाठी एवढे कुकीचे, म्हणजे बिस्किटांचे, डबे विकतात मुली, ते पैसे कुठे जातात? मी समजावलं की कुकीचे पैसे कौन्सिलकडे आणि थोडे ट्रूपकडे राहतात, देशाच्या मुख्य संस्थेला जाते ती ही फी, दोन्ही हिशेब वेगळे. तिने ऐकून घेतलं. पण जानेवारीच्या थंडीत दुकानाबाहेर टेबल लावून उभ्या राहिलेल्या मुलीच्या आईला हे पटावं कसं? सहा-सात डॉलरचा डबा, त्यातला साधारण एक डॉलर ट्रूपला. आपण खरी कमाईला लोकांच्या सायकली पुसायचो, आठवतं? मिळालेलं नाणं कुठे गेलं ते आपल्याला दिसायचं, बाईंच्या पत्र्याच्या डब्यात.

पैशापेक्षाही खरं दुखणं सांगू? इतक्या वर्षांत जर्नी आली, पुस्तकं बदलली, कौन्सिल बदललं, कॅम्प गेला, फी वाढली, आणि यातल्या एकाही गोष्टीआधी मीटिंग घेणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही. ठरल्यावर ईमेल येते. वर एक व्हिडिओ असतो, तो पाहून टिचकी मारायची, म्हणजे तुमचं ट्रेनिंग झालं. माझे मंगळवार, कुकीच्या खोक्यांनी भरलेलं गॅरेज, सुट्टीतले फोन, ते सगळं धरूनच चाललेत. २०१९-२० ला देशात १४ लाखांच्या आसपास मुली होत्या, एका वर्षात त्या १० लाखांवर आल्या, कोरोना होताच, पण त्या सगळ्या परत आल्या नाहीत. मुलांच्या स्काउटनेही २०१८-१९ पासून मुली घ्यायला सुरुवात केली. माझ्या ट्रूपमधल्या दोघी तिकडे गेल्या. एकीने मला स्वतः येऊन सांगितलं, "तिकडे दर महिन्याला कॅम्पिंग असतं." मी तिला मिठी मारली, जा म्हटलं. मी अडवू कशी, मलाही तेच हवं होतं तिच्यासाठी.

मग मी सोडत का नाही, ते ऐक. दर २२ फेब्रुवारीला थिंकिंग डे असतो, जगभरच्या गाईड मुलींचा दिवस, तुम्हीही करता. तीन वर्षांपूर्वी मुली जगातल्या गाईड केंद्रांची माहिती काढत होत्या, स्वित्झर्लंडचं, लंडनचं, मेक्सिकोचं, आणि आफ्रिकेतलं फिरतं. आणि संगम, पुणे. माझ्या धाकटीने सहज सांगितलं, माझी आई तिथलीच आहे. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं की १९६६ साली जगाच्या मुख्य गाईड लेडी बेडन-पॉवेल उद्घाटनाला आल्या होत्या, आळंदी रोडवर आहे, आम्ही शाळेतून गेलो होतो, फाटकातून आत गेल्यावर माझ्या मैत्रिणीने एका परदेशी ताईशी डावा हात मिळवला आणि घरी जाईपर्यंत तो हात धुतला नाही. (हो, ती तू.) त्या दिवशी मुलींनी ठरवलं, संगमला जायचं. तेव्हापासून कुकीचा ट्रूपचा वाटा साठतोय. पिझ्झा पार्टी नको म्हणाल्या, वर्षअखेरीला पार्कात नको म्हणाल्या. अकरा-बारा वर्षांच्या मुली गं. अजून बरेच पैसे लागतील, पण साठतायत.

आणि नियम असा आहे की ट्रूप बंद झाला तर खात्यातले पैसे कौन्सिलकडे जातात, मुलींना वाटून देता येत नाहीत. आता सात मुली उरल्यात. दुसरी आई नोकरीमुळे यंदा नाही म्हणते. मी नाही म्हटलं तर ट्रूप बंद. मी हो म्हटलं तर नात्यात नसलेली दुसरी बाई पंधरा दिवसांत शोधायची, सात घरांना नवी फी सांगायची. दोन रात्री मी यादी काढतेय आणि खोडतेय. काल मराठी मंडळातल्या एकीला विचारलं, तिने पहिलं विचारलं, याने कॉलेज अॅडमिशनला फायदा होतो का. मी म्हटलं होतोही थोडा. मग ती म्हणाली विचार करून सांगते. बघू.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. तुझ्या युनिटमधल्या मुलींकडून माझ्या सात जणींना पत्रं लिहून घे, मराठीत लिहिली तरी चालेल, मी वाचून दाखवीन, नुसतं त्या काय करतात, गाठी कुठल्या येतात, डब्यात काय नेतात एवढं. आणि तुझ्या माळ्यावर आपली गाईडची जुनी वही असेल, तीन दगडांच्या चुलीचं तू काढलेलं चित्र आहे त्यात, त्या पानाचा फोटो पाठव. मंगळवारी मीटिंग आहे, तळघराची चावी अजून माझ्याकडेच आहे. मंगळवारच्या आत पाठव.

तुझीच