साठीनंतरची नवी डोकेदुखी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गिरगावात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर कुणी डोकं दुखतंय म्हटलं की निदान जागेवरच होतं: बीपी वाढलं असेल, पित्त असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग खालच्या केमिस्टकडून गोळ्यांची पट्टी येते. खरं तर बीपी थोडंफार वाढल्याने सहसा डोकं दुखत नाही. आणि आयुष्यभर ज्याचं डोकं कधी दुखलं नाही त्याला साठीनंतर अर्धशिशी सुरू होणं तसं विरळाच.

माझ्या थोरल्या नणंदेचं 72व्या वर्षी उजवं कानशील ठणकू लागलं. वेणी घालताना कंगवा टेकला तरी कळ यायची. भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून यायचा, चावणं थांबवलं की बरं वाटायचं. साहजिकच दोष दातांवर आला आणि एक दाढ हकनाक गेली! शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करायला लावल्या. निघाला जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे धमन्यांना येणारी सूज. हा आजार 50 वर्षांच्या आत सहसा होत नाही. डोळ्यांकडच्या रक्तवाहिन्यांत सूज पोचली तर दृष्टी जाते आणि गेलेली बहुधा परत येत नाही. म्हणून दाट संशय असेल तर धमनीच्या बायॉप्सीच्या रिपोर्टसाठी न थांबता स्टिरॉइड सुरू करतात. आपल्याकडे हा आजार युरोपच्या मानाने कमी दिसतो. त्यामुळेच तो चटकन कुणाच्या डोक्यात येत नसावा.

दुसरं कारण पडण्याचं. बाथरूममध्ये पाय घसरतो, लोकलमध्ये डोकं दांडीवर आपटतं. टेंगूळ उतरलं की विषय संपला. पण मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठत राहिलं तर काही आठवड्यांनी डोकं दुखतं, तोल जातो, माणूस गुंगीत बोलतो. घरचे म्हणतात, वय झालं! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका जास्त. सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा ते दिसतं.

ज्येष्ठांच्या शिबिरांत बीपी, शुगर, वजन होतंच. तिथेच ‘डोकेदुखी नवी आहे का, चावताना जबडा दुखतो का, एवढ्यात पडलात का’ एवढं विचारायला काय हरकत आहे? आपणही आरोग्य पुरवणीत न्यूरोलॉजिस्टचा सविस्तर लेख छापावा, आणि जरा मोठ्या टाइपात. आमच्या वयाला बारीक अक्षर लागत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, गिरगाव, मुंबई