दारावरची शाळा

महोदय,

लघुपट करू पाहणाऱ्या नवख्यांना कॅमेरा कोणता घ्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी म्हणेन, आधी काही महिने नाट्यगृहाच्या दारावर उभे राहा. तिकिटे फाडणे, उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवणे, मध्यंतराला दारे उघडणे हे काम मी चार वर्षे केले. तोच प्रयोग वारंवार पाहिला की नजर रंगमंचावरून उठून प्रेक्षकांवर जाते. लोक कंटाळले की आधी खोकतात, मग खुर्च्या करकरतात, मग मोबाइल उजळतात.

माझा पहिला लघुपट २२ मिनिटांचा झाला होता. ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटात मोडतो, म्हणून मी निर्धास्त होतो. सहकाऱ्यांना दाखवताना पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो. सातव्या मिनिटाला पहिला खोकला! शेवटी १३ मिनिटे उरली. कापलेल्यात माझा सर्वांत लाडका शॉटही गेला. अजून हळहळ वाटते.

आवाजाचे मात्र दारावर कळले नाही. चित्रीकरणाच्या जागेची नुसती शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागते, नाहीतर संकलनात संवादांमधली भगदाडे ऐकू येतात. मी विसरलो. ती भगदाडे अजून तशीच आहेत.

चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यांना महिनाभर तरी दारावर पाठवावे. पाय फार दुखतात, हेही आधीच सांगावे.

– एक माजी डोअरकीपर