मशीनच्या आधी जॉबची वाट ठरव

सातारा

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

सांगलीजवळच्या कुपवाडच्या शेडचा तू पाठवलेला नकाशा बारकाईने पाहिला. सगळे सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ एका भिंतीला, व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) समोरच्या भिंतीला आणि ड्रिलिंग मागच्या कोपऱ्यात, ही मांडणी दिसायला सुबक आहे. पण तिच्यात तुझ्या पंपाच्या कव्हरच्या जॉबला, म्हणजे घडवायच्या नगाला, सगळी शेड पालथी घालावी लागते आणि त्या हेलपाट्यांचे पैसे कोणतेही गिऱ्हाईक देत नाही. म्हणून फाउंडेशनचे काम सुरू होण्याआधी हा नकाशा बदलावा, असा माझा आग्रह आहे.

समज, लेथ, व्हीएमसी आणि ड्रिल या तिन्ही ठिकाणी नगामागे २ मिनिटे लागतात आणि लॉट १०० नगांचा आहे. एका ठिकाणी पूर्ण लॉट उरकून मगच ट्रॉली पुढे ढकलली, तर पहिला तयार नग ४०२ मिनिटांनी आणि शेवटचा ६०० मिनिटांनी हाती येतो. तिन्ही मशीन शेजारी ठेवून नग एकेक करून पुढे दिला, तर पहिला ६ मिनिटांत आणि शेवटचा २०४ मिनिटांत मिळतो. वेळेपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे, की लेथवर बोअर (आतले भोक) मोठा झाला असेल तर ते दोन-चार नगांतच कळते. पहिल्या पद्धतीत तोवर अख्खा लॉट रिजेक्ट झालेला असतो.

तेव्हा कव्हरची ही तीन मशीन यू आकारात बसव, म्हणजे एका मशीनचे सायकल चालू असताना तोच ऑपरेटर वळून दुसऱ्यावर जॉब लावू शकेल. फुटकळ जॉबवर्कसाठी मात्र जुने लेथ वेगळेच असू देत. रोज बदलणाऱ्या कामाला अशी साखळी जमत नाही.

कॅटलॉगमधल्या मापावर जागा आखू नकोस. मागच्या पॅनेलचे दार पूर्ण उघडले पाहिजे, चिप कन्व्हेयर (बुरादा बाहेर नेणारा पट्टा) बाहेर ओढता आला पाहिजे आणि बुरादा भरलेली ट्रॉली जॉबच्या वाटेत न येता निघाली पाहिजे.

इन्स्पेक्शनची खोली तू पश्चिमेच्या भिंतीला दाखवली आहेस, ती कृपा करून हलव. मोजमाप २० अंश सेल्सिअसला धरायचे असते. सांगलीच्या उन्हाळ्यात ३५ अंशांवर १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब सुमारे १७ मायक्रॉन वाढतो, आणि तुझ्या बोअरचा टॉलरन्सच (मापात चालणारी तफावत) २५ मायक्रॉनचा आहे. खोली उत्तरेला घे, एसी लाव आणि ग्राइंडर व कॉम्प्रेसर तिच्यापासून लांब ठेव.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनलगत कारखाना उभारला, तिथे माल आणण्या-नेण्याची वाट दाराशीच होती. तुझ्याकडे ती वाट म्हणजे पुढचा रस्ता. कास्टिंगचा ट्रक आणि डिस्पॅचचा टेम्पो एकाच गेटवर अडकणार नाहीत, एवढे पाहा.

प्रत्येक जॉबचा ऑपरेशनचा क्रम आणि महिन्याचे नग कळव. त्यावरून मी नवा नकाशा आखून धाडतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक