बारा अंगणांत बारा किल्ले

महोदय,

दिवाळीत मुलं किल्ले करतात, मग परीक्षक येतात आणि नंबर काढून जातात. स्पर्धा पुरे झाल्या. त्याऐवजी मुलांना फिरत फिरत बघता येईल अशी किल्ल्यांची वाट आखावी. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजी. बारा अंगणांना ते वाटून द्या.

प्रत्येक थांब्यावर हाताला काम हवं. पाटी वाचून पुढे पळणं नको. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, शोधून त्यातून दोरा ओवायचा. लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी लांब माची, ओल्या मातीत स्वतः वळायचा. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी चमच्याने भरायच्या. भर समुद्रात गोडं पाणी कसं, हे पोरं विचारतीलच. साल्हेर राज्यातला सर्वांत उंच किल्ला, तेव्हा तो गच्चीवर! खूण म्हणून तळहातावर गेरूचा ठिपका पुरे. प्लॅस्टिकचे बिल्ले कशाला?

वाट सकाळची ठेवा, संध्याकाळी फटाक्यांच्या धुरात लहानगी खोकतात. अळीव आठवडाभर आधी पेरा. भुसा हिरवा रंगवून शिंपडणं ही शुद्ध पळवाट.

आमच्या सोसायटीत ‘चिखल होतो’ म्हणून पार्किंगमध्ये किल्ल्याला बंदी आहे. दोन मोटारी चार दिवस बाहेर लावल्या तर काय बिघडेल, याचं उत्तर समितीने द्यावं.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, कोथरूड, पुणे