'नाव जुळत नाही' म्हणजे नेमकं चुकलं कुणाचं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या याच पानावर एका वाचकांचं पत्र आलं होतं, की मतदानाला ओळखपत्र मागितलं तर एवढी ओरड कशाला, सिमकार्ड घेताना, बँकेत खातं उघडताना बरं सगळे कागद सापडतात, मग मतदानालाच का सापडत नाहीत. त्यांचा राग मला समजतो पण खरं सांगू का, नाही सापडत हो. बँकेतही नाही सापडत. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याला तहसीलसमोर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो, चौदा वर्षं होतील यंदा, निम्म्या तालुक्याचे कागद माझ्या मशीनच्या काचेवरून गेलेत, त्यामुळं या विषयावर चार शब्द बोलायला हरकत नसावी. आधीच सांगतो, मी ओळखपत्राच्या विरोधात नाही. ओळखपत्रं बंद झाली तर माझं दुकान बंद होईल.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पन्नाशीची एक बाई आली, ऊसतोडीवाली, नवरा बाहेर टमटममध्ये बसलेला. हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात घरातले झाडून सगळे कागद, काही लॅमिनेशन केलेले, काही पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले. वस्तीवरच्या बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या तिथल्या शाळेच्या गुरुजींनी सांगितलं होतं की तुमचं यादीतलं नाव आधारशी जुळत नाही, दुरुस्ती करून घ्या. मी एकेक कागद काउंटरवर मांडला. नावं बदलून लिहितो, पण प्रकार असाच होता. आधारवर कांताबाई. मतदार यादीत शांताबाई. रेशनकार्डावर नुसतं कांता. पासबुकावर कंटाबाई, कारण कुणीतरी इंग्रजीत टाकलेलं नाव कॉम्प्युटरनं परत मराठीत करताना त चा ट केला. वय तर विचारूच नका, चार कागदांवर तीन-चार वर्षांचा फरक. मी गमतीनं म्हटलं, मावशी, यातल्या खऱ्या तुम्ही कोण? तर म्हणते कशी, "मी एकच हाय भाऊ, चार तुमीच केल्या."

मला काही बोलताच आलं नाही, कारण यातली एखादी माझ्याच दुकानात झालेली असू शकते.

आता शहरातल्या माणसाला वाटेल की एवढ्या चुका होतात कशा, पण आपल्याकडं बाईचं लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि बऱ्याच घरांत अजूनही तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहितात, म्हणजे पहिलं नावसुद्धा गेलं. माहेरची अलका सासरी वैशाली झाली. शाळेचा दाखला असलाच तर अलकाचा, रेशनकार्ड वैशालीचं, आधार काढायला ज्या दिवशी गेली त्या दिवशी जो कागद सोबत होता त्याचं. पुरुषाचं असं काहीच होत नाही, माझं नाव जन्मल्यापासून आहे तेच आहे, म्हणून मला नाव जुळत नाही हे वाक्य आयुष्यात फार कमी वेळा ऐकावं लागलं. दुकानात दुरुस्तीसाठी येणाऱ्यांत मात्र दहातल्या सात-आठ बायकाच असतात, हा काही सर्व्हे नाही, माझ्या काउंटरचा अंदाज आहे.

आणि ही काही आजची भानगड नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगायलाच नकार दिला होता, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच लिहा म्हणाल्या, आणि तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन साहेबांनी असं चालणार नाही म्हणून मुदत देऊनही शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. तेव्हा बाईला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं म्हणून मत गेलं, आता नावं जास्त झाली म्हणून जायची वेळ आलीय.

बरं, दुरुस्ती करा म्हणणं सोपं आहे. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातलं एकदा तर लग्नानंतर आडनाव बदलण्यातच जातं. दुरुस्तीला ७५ रुपये फी, ती काही फार नाही, पण वस्तीवरून तालुक्याला यायचं, टोकन घ्यायचं, सर्व्हर डाऊन म्हणून परत जायचं आणि परत यायचं, यात दोन दिवसांची मजुरी जाते ती कुठल्याच फॉर्मवर लिहिलेली नसते. त्या मावशीचा अंगठा मशीनवर येईना. कोयत्यानं आणि ऊसाच्या पात्यानं बोटांवरच्या रेषाच गेलेल्या, दहाही बोटं पुसून पुसून लावली, एक कसंबसं लागलं. ओटीपी मागितला तर आधारला नंबर लिंक होता त्यांच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा. मुकादम तेव्हा कर्नाटकात कारखान्यावर टोळीच्या राहुट्यांची जागा बघायला गेलेला. फोन लावला, तीन वेळा उचलला नाही, चौथ्यांदा उचलून त्यानं जो ओटीपी सांगितला तो दुसऱ्याच कुणाचा होता. दहा-बारा बायकांचे ओटीपी एका मुकादमाच्या खिशात असतात साहेब. तिचं ओळखपत्र नेमकं कुणाच्या ताब्यात आहे म्हणायचं?

आता थोडं कायद्याचं, कारण पत्रं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचा इथंच घोळ होतो. प्रत्यक्ष मतदान केंद्रावर नियम तसा बराच उदार आहे. मतदान कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, पेन्शनचे कागद, दिव्यांगांचं कार्ड असे १२ पर्याय निवडणूक आयोगानंच दिलेत आणि मतदान कार्डावर स्पेलिंगची वगैरे किरकोळ चूक असेल, पण माणूस तोच आहे हे पटत असेल तर चुकीकडं दुर्लक्ष करावं असंही आयोगच सांगतो. नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून २०१९ पासून चालत नाही, हे मात्र अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला माझ्यासमोर दोन म्हातारी माणसं चिठ्ठी घेऊन आली नि माघारी गेली, घरून पासबुक आणायला म्हणून गेली ती आलीच नाहीत. आणि एखादा दुसऱ्याच्या नावावर मत टाकतोय असा संशय आला तर पोलिंग एजंटाला दोन रुपये भरून तिथल्या तिथं हरकत घेता येते, फी अजून दोन रुपयेच आहे, या महागाईत एवढी एकच गोष्ट स्वस्त राहिली. म्हणजे दारावर पकडायची सोय आहे. खरी अडचण दारावर नाहीच, ती यादीत आहे. कार्ड खिशात असून यादीत नाव नसेल तर त्या कार्डाचा उपयोग शून्य.

बिहारमध्ये २०२५ ला हेच झालं. जूनच्या शेवटी एसआयआर, म्हणजे मतदार यादीची घरोघरी नव्यानं तपासणी, जाहीर केलं, महिनाभरात आठ कोटींच्या आसपास लोकांचे फॉर्म, आणि १ ऑगस्टच्या कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावं गायब. त्यात मेलेली माणसं होती, दुबार होती, गाव सोडून गेलेली होती, हे सगळं खरं असेलही. पण सुरुवातीला जी ११ कागदांची यादी दिली होती तिच्यात आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं, आणि कहर म्हणजे आयोगाचं स्वतःचं मतदान कार्डही नव्हतं! माझ्या दुकानातून दिलेलं लॅमिनेशन मीच खोटं म्हणावं तसं झालं हे. सुप्रीम कोर्टानं मध्ये पडून वगळलेल्या ६५ लाखांची यादी कारणासकट लावायला सांगितली आणि सप्टेंबरात आधार बारावा कागद म्हणून घ्यायला लावला, तेव्हा कुठं जरा हवा निवळली. कोर्टानं हे न सांगता झालं असतं तर? याच कोर्टानं १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात, जो मुंबई-दिल्लीतल्या मतदारांचाच होता, सांगून ठेवलंय की एकदा नाव यादीत आलं म्हणजे ते नीट तपासूनच आलं असं धरून चालायचं, काढायचं असेल तर आधी माणसाचं ऐकून घ्या.

आता दुसरी बाजू. ती नाही लिहिली तर तुम्ही म्हणाल झेरॉक्सवाला एकतर्फी बोलतो. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली, मी स्वतः नाव काढायचा फॉर्म नंबर ७ भरला, मृत्यूचा दाखला जोडला, आणि तरी प्रत्येक निवडणुकीला त्यांची चिठ्ठी घरी येते. आई ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवते. यादी साफ करा म्हणणाऱ्यांचं चूक नाहीच, महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत दुबार नावांपुढं दोन दोन स्टार मारायची पाळी राज्य निवडणूक आयोगावर आली आणि दुबार नावांवरूनच मुंबईत मोर्चाही निघाला, तो काही उगाच निघाला नाही. पण गंमत बघा, मेलेल्या माणसाचं नाव कागद देऊनही निघत नाही आणि जित्या बाईचं नाव एका अक्षरावरून अडतं. ही कसली साफसफाई.

एसआयआर देशभर करायचं ठरलंय, गोव्यासकट बारा ठिकाणी दुसऱ्या टप्प्यात घेतलं, आपल्याकडं पालिका-झेडपीच्या निवडणुका होत्या म्हणून तेव्हा आपला नंबर लागला नाही. लागणार आहेच. त्यात २००२ च्या सुमाराच्या यादीत तुमचं किंवा आईबापाचं नाव दाखवायचं असतं. पुरुषाला काय, बाप त्याच गावात, यादी त्याच गावची. बाईला माहेरची यादी शोधायची. सावंतवाडी-दोडामार्गच्या मुली गोव्यात पेडणे-डिचोलीला दिल्यात, त्यांना दुसऱ्या राज्यातली यादी शोधायला लागणार, आमच्याकडची मुलगी जालन्याला दिलेली असेल तर तिला इथली. आणि ते पान सापडलं तरी त्यात बापाच्या नावाचं काय करून ठेवलंय ते देवाला ठाऊक.

तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन साहेबांचं लोक कौतुक करतात, मीही करतो. १९९३ ला फोटोच्या कार्डाचा आग्रह त्यांनीच धरला. पण धमकी त्यांनी कुणाला दिली होती? सरकारांना. कार्डं बनवून दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणूक घेणार नाही म्हणाले. मतदाराला नव्हते म्हणाले की तू आण नाहीतर चालता हो. आता उलटं झालंय, कागद सरकारनं चुकवायचा आणि सिद्ध करायचं बाईनं.

आणि मनात असलं की सरकारला सगळं जमतं हेही मी दुकानात बसून बघितलंय. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण आली तेव्हा पहिल्या दोन दिवसांत माझ्या दारात पार रस्त्यापर्यंत लाइन, रहिवासी दाखल्यासाठी तलाठ्याकडं ही झुंबड, आणि लगेच सरकारनं सांगितलं की दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालेल, मतदान कार्ड चालेल, शाळेचा दाखला चालेल. चाललं की. त्याच बायका, तेच कागद, तीच कंटाबाई. पैसे द्यायला जी बाई पटली ती मत द्यायला का पटत नाही?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ओळख जरूर मागा, पण ज्या कागदावर चूक सरकारच्या माणसानं केली ती दुरुस्त करायला सरकारच्याच माणसानं वस्तीवर जावं, फुकटात, आणि टोळ्या गावात असताना. आमच्या भागात दसरा झाला की ट्रक लागायला सुरुवात होते, दिवाळीनंतर वस्तीवर म्हातारी आणि शाळेतली पोरं एवढीच उरतात, ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. नेमकं तेव्हा बीएलओ घरी जातो, कुलूप बघतो आणि 'आढळून आले नाहीत' लिहितो. त्याचीही चूक नाही, त्याला तारीख वरून आलेली असते. २०२२ च्या डिसेंबरात आयोगानं परगावाहून मत देता येईल असं मशीन काढायचं म्हटलं होतं, पुढं पक्षांचं जमलं नाही आणि तो विषयच मागं पडला, नाहीतर कारखान्यावरून मतदान झालं असतं. वगळलेल्यांची नावं कारणासकट चावडीवर लावा, नुसती वेबसाइटवर टाकू नका, आमच्या वस्तीवर रेंज येत नाही. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला नवऱ्याच्या आणि सरपंचाच्या सहीवर एका हेलपाट्यात दुरुस्ती मिळू दे. यात खर्च किती येईल ते मला माहीत नाही, पण एका सभेच्या मांडवापेक्षा जास्त नसावा.

त्या मावशीचा यादीतल्या दुरुस्तीचा फॉर्म नंबर ८ शेवटी भरला. संध्याकाळचे सहा वाजले, मुकादमानं पाचव्या फोनला बरोबर ओटीपी सांगितला. पैसे घेतले नाहीत मी, मोठेपणा नाही, कंटाबाई माझ्याकडंच झाली असेल ही शंका काही जाईना. पावतीची प्रिंट दिली तर म्हणाली, "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, तिकडं पाचटात हरवंल." चौथ्या दिवशी टोळी गेली. मी अधूनमधून नंबर टाकून बघतो, अजून प्रोसेसमध्येच दाखवतंय. पावती गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे, तसल्या अजून अकरा पावत्या आहेत.

आपला,
तहसीलसमोरचा एक झेरॉक्सवाला, जि. बीड