"जेवले" म्हणजे काय जेवले

सोलापूर,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना सा. न.

आई, रोज रात्री तू फोनवर विचारतेस, "जेवलीस का?" आणि मी म्हणते, "हो, जेवले." सहा वर्षं आपलं बोलणं तिथंच थांबतं. काय जेवले हे तू विचारत नाहीस. पोरगी बँकांचं ऑडिट करत फिरते, एवढं तिला कळत असणारच, असं तुला वाटतं. मला कळत नव्हतं. फोनवर सांगायला घेतलं की तुझा आवाज बदलतो, म्हणून लिहिते आहे.

ऑगस्टमध्ये ऑफिसनं आम्हा सगळ्यांच्या तपासण्या केल्या. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, ६.१ आली. ५.७च्या खाली असेल तर ठीक, ६.५ला मधुमेह धरतात. मी मधल्या उंबऱ्यावर. बाबा, तुम्हाला साखर निघाली तेव्हा तुम्ही ५२ वर्षांचे होता, मी ३४ची आहे. रिपोर्ट वाचताना तुम्हीच डोळ्यांसमोर आलात, रात्री खाटेवर बसून मुंग्या आलेले तळपाय चोळत असलेले.

महिन्यातले १८-२० दिवस मी बाहेर असते. जळगाव, लातूर, नांदेड, सोलापूर. शाखेतून निघायला रात्रीचे नऊ वाजतात. मग हायवेवरचा ढाबा, तेलात बुडालेली शेवभाजी, बटर लावलेल्या तीन रोट्या, जिरा राइस, आणि सोबतच्यांनी मागवले म्हणून दोन गुलाबजाम. पहाटे तीनला घसा कोरडा पडून जाग यायची. सकाळी भूक नाही म्हणून नुसता चहा, दुपारी टेबलावरच वडापाव, रात्री पुन्हा ढाबा. सहा वर्षांत ११ किलो वाढले. डॉक्टरबाईंनी तक्ता दिला, पण तो घरी राहणाऱ्या माणसाचा होता. आठवड्यात सुटला.

तेव्हा मला तुमचा मुक्कामी गाडीचा डबा आठवला, बाबा. तिकिटांच्या पेटीशेजारी ठेवलेला तो स्टीलचा डबा, त्यात दोन भाकऱ्या, कोरडी मटकी, एक कांदा आणि कागदाच्या पुडीत फुटाणे. स्टँडच्या कँटीनमध्ये भजी तळत असायची आणि तुम्ही बाकावर बसून डबा सोडायचात. मला वाटायचं, पैसे वाचवायला. तसंही असेल, पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उभं राहून तिकिटं फाडायची असतात, त्याला कसं पोट लागतं, हे मला आत्ता कळतंय.

रोजचा डबा मला जमत नाही. पण फुटाणे आणि शेंगदाणे आता कायम पर्समध्ये असतात. सहा वाजता मूठभर खाल्ले की नऊला ढाब्यावर वखवखून बसत नाही. एवढ्या एका गोष्टीनं माझं रात्रीचं जेवण निम्मं सुधारलं.

उरलेलं निम्मं मागण्यात होतं. मला मागायची लाज वाटायची. हॉटेलात जे येईल ते खावं, नखरे करू नयेत, हे तुम्हीच शिकवलंत आणि ते चुकीचंही नाही. पण परवा इथल्या एका खानावळीत गेले. मावशी चुलीसमोर बसून ज्वारीची भाकरी थापत होत्या. मी धीर करून म्हटलं, "मावशी, एकच भाकरी द्या. आणि भाजी तेवढी तेल बाजूला करून." त्यांनी मान वर केली नाही. पळीच्या पाठीनं तर्री अलगद एका कडेला सारली, खालची वांग्याची भाजी काढली, वर शेंगाचटणी वाढली आणि न मागता कांदा-काकडी कापून दिली. काल गेले तर मी बोलायच्या आत पळी कडेला गेली होती. मला भरून आलं, आई. सहा वर्षं मी हे एक वाक्य बोलले नव्हते.

आता सगळीकडे बोलते. जळगावला शेवभाजीऐवजी भरीत आणि कळण्याची भाकरी. त्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतात, एका भाकरीत पोट भरतं. मिसळ घेतली तर तर्री वेगळ्या वाटीत आणि फरसाण कमी. दाल फ्राय नको, साधं वरण द्या. रोटीला बटर नको. आधी उसळ आणि काकडी संपवते, मग भाकरी, भात सगळ्यात शेवटी आणि चार घास. पोटात आधी भाजी-डाळ गेली की साखर एकदम उसळत नाही, आणि खरंच जेवणानंतरची ती गुंगी गेली. भाकरी आहे म्हणून तीन खाव्यात असं नाही हेही शिकले. हॉटेलची भाकरी परातीएवढी असते आणि ज्वारीतही पीठच असतं. तळणाला हात लावत नाही. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवून किती खराब होऊ द्यायचं यावर २०१८पासून सरकारी मर्यादा आहे, पण कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय ते गिऱ्हाइकाला कुठून दिसणार!

आणखी एक सांगायचं राहिलंय. लॉजवर नाश्त्याला मी उकडलेली अंडी खाते. दोन. घरात आपण खात नाही, तुला आवडणार नाही हे माहीत आहे. पण पुरी-भाजी आणि साखर घातलेला रस यांच्यापुढे मला तेच बरं वाटतं. रागावायचं असेल तर रागाव, पण लपवून ठेवायचं नव्हतं.

बाबा, तुमच्या बीपीसाठी एक. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा सांगतात. हॉटेलच्या थाळीतलं लोणचं, पापड आणि मसाला ताक यांतच त्यातलं किती निघून जातं! मी पापड परत पाठवते आणि ताक बिनमिठाचं मागते. तुम्ही ताटातलं लोणचं तेवढं सोडा, माझ्यासाठी.

आई, या वेळी बेसनाचे लाडू पाठवू नकोस. तू पहाटे उठून करतेस, आणि मी ते रात्री लॉजच्या खोलीत एकटी बसून चार-चार संपवते. त्याऐवजी जवसाची चटणी दे, मीठ कमी घालून. ती कुठल्याही भाकरीबरोबर जाते.

काल पुन्हा तपासलं, ५.८ आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा.

येत्या शनिवारी रात्री घरी पोचते. बाबांची साखर आपण दर तीन महिन्यांनी बघतो, तुझी मात्र एकदाही बघितलेली नाही, आई. तू सगळ्यांना वाढून झाल्यावर तीन वाजता उरलंसुरलं खातेस, तुझं वय ६१ आहे, आणि आमच्या दोघांच्या रक्तात काय आहे ते तुला माहीत आहे. रविवारी सकाळी चहा घेऊ नकोस. साडेसातला आपण दोघी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊ. परत आल्यावर भाकऱ्या मी थापते, तू बसून खा.

तुमची,
मनू