उपवासकाळातला उपाशीपणा चर्चने मागितलेला नाही

महोदय,

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जवळ आला की ख्रिस्ती घरांत कोणी मटण सोडते, कोणी दारू, कोणी चहातली साखर. त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या आईचा, सासूचा, आजीचा त्याग भलत्याच ठिकाणी सुरू होतो. सकाळची गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत तोंडात काही घालायचे नाही; नाहीतर ‘आज उपास आहे’ म्हणून गोळीच ठेवून द्यायची. दोन्ही धोक्याचे आहे, आणि चर्चचा नियम यांतले एकही मागत नाही.

कॅथलिक नियमाप्रमाणे उपवासाचे बंधन वर्षातून दोनच दिवस असते, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. तेही वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच. म्हणजे घरात सर्वांत कडक उपास धरणाऱ्या बहुतेक आज्यांना हे बंधन मुळातच लागू नाही. त्या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि शिवाय दोनदा थोडे थोडे खाणे चालते. ही दोन खाणी मिळून पूर्ण जेवणाएवढी होऊ नयेत, इतकेच. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासळी, अंडे, दूध चालते. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना उपवासातून मोकळीक आहे. मनाला तरी रुखरुख वाटत असेल तर चर्चच्या कायद्यातील कलम 1245 प्रमाणे पॅरिशचे, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चचे, फादर सवलत देऊ शकतात किंवा उपवासाऐवजी दुसरे पुण्यकर्म नेमून देऊ शकतात. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मिळणाऱ्या ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास काही न खाण्याच्या नियमातही पाणी आणि औषध मोजले जात नाही (कलम 919). वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर त्या तासाचेही बंधन नाही. मिस्सा होईपर्यंत थायरॉइडची किंवा प्रेशरची गोळी थांबवून ठेवण्याची प्रथा कुठून आली कोण जाणे.

नीट पाहिले तर नियमातल्या उपवासातही दिवसातून तीनदा पोटात अन्न जाते, आणि मधुमेहाच्या रुग्णाला नेमके तेच हवे असते. सकाळी अर्धी भाकरी आणि उकडलेले अंडे, दुपारी वाटीभर भात, डाळ, भाजी आणि मासळीचे कालवण, रात्री मूग घालून केलेली पेज. नुसत्या तांदळाच्या पेजेवर दिवस काढू नये. तिने साखर झपाट्याने चढते आणि पोट लवकर रिकामे होते.

उपाशी राहिल्याने नेमके काय बिघडते, ते औषधावर अवलंबून असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. सकाळी गोळी घेऊन दुपारी तीनच्या गुड फ्रायडेच्या उपासनेपर्यंत उपाशी राहिले की साखर घसरते, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर औषध शरीरात जास्त वेळ टिकते. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचे प्रकरण वेगळे. त्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. त्यांवर उपाशी आणि तहानलेले राहिले तर रक्तात आम्ल साचू शकते, तेही मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर पित्ताची गोळी देत बसू नये, दवाखाना गाठावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डोस कधीच स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो किती कमी करायचा, हे डॉक्टर सांगतात. आणखी एक घोळ असा होतो की, दिवसभर उपाशी राहून रात्री दुप्पट जेवल्यावर दुसऱ्या सकाळची साखर वाढलेली येते. उपवासाचे सांगितलेच नाही तर डॉक्टर त्या रिपोर्टवर डोस वाढवतात, आणि पुढच्या शुक्रवारी तोच डोस अंगाशी येतो.

रक्तातली साखर 70 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली की ती कमी समजावी. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक या खुणा सर्वांना माहीत असतात. म्हाताऱ्या माणसांत मात्र चिडचिड, असंबद्ध बोलणे, गप्प बसून राहणे एवढेच दिसते. क्रुसाच्या वाटेवर (येशूच्या दुःखसहनाची आठवण करत चालत केलेल्या प्रार्थनेत) मागे पडलेल्या आजीला ‘ऊन लागले’ म्हणून सावलीत बसवतात आणि साखर कोणी तपासत नाही. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर थरथर आणि धडधड दबते, घाम तेवढा सुटतो.

उपाय घरातलाच आहे. तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्यावी. 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजून 70 च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. साखर सावरली की पोळी किंवा भाकरी खायला घालावी, नाहीतर ती पुन्हा उतरते. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. मधुमेहाची वोग्लिबोस किंवा अकार्बोस ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण तिचे पचन या गोळ्या रोखून धरतात. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना अवश्य करावी, पण फोन लावल्यावर.

इन्सुलिनबद्दल थोडे. कुपीवर 40 (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असेल तर लाल टोपणाची सिरिंज, 100 असेल तर नारिंगी टोपणाची. 100 चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात 50 युनिट जातात. सणासुदीला औषध आणायला दुसराच कोणी दुकानात जातो तेव्हा ही अदलाबदल होते. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत राहिलेले इन्सुलिन वापरू नये.

रक्तदाबाचे दुखणे निराळे. शुक्रवारी मटण बंद म्हणून सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा आणि लोणचे ताटात येते. दिवसभराचे मीठ सगळे मिळून 5 ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी. खाऱ्या मासळीच्या दोन तुकड्यांत त्यातले बरेचसे संपते. मासळी भिजत घालून दोनदा पाणी बदलावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. जास्त लघवी होण्याची गोळी चालू असलेल्यांनी उन्हातल्या क्रुसाच्या वाटेवर पाण्याची बाटली सोबत ठेवावी. पाण्याने उपवास मोडत नाही.

अवघड काम नवसाचे आहे. मुलाची परीक्षा, नवऱ्याचे ऑपरेशन, लेकीचे बाळंतपण यांसाठी आई चाळीस दिवसांचा उपास बोलते आणि डॉक्टरांना त्यातले काही सांगत नाही. तिच्याशी वाद घालू नये. नवस फादरांकडून बदलून घेता येतो, हे तिला सांगावे: जेवणाऐवजी रोजची रोझरी (जपमाळेची प्रार्थना), आजाऱ्यांच्या भेटी, एका गरीब घराचे महिन्याचे धान्य. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात संत पौलाने शुभवर्तमानकार लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे; तेव्हा डॉक्टरांचे ऐकणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे मानायला आधार नाही. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचेही (फादरांनी आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्काराचेही) तसेच. तो शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा संस्कार नाही. गंभीर आजार किंवा वार्धक्यामुळे जीव धोक्यात येऊ लागला की तो घेता येतो आणि पुन्हाही देता येतो. फादरांना बोलावले की आजारी माणूस घाबरेल, या भीतीने घरचे फार उशीर करतात.

पॅरिशमधल्या जबाबदार मंडळींना विनंती आहे की, राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी मिस्सानंतर वेदीवरून दोन वाक्ये सांगावीत: आजाऱ्यांना आणि साठीच्या पुढच्यांना उपवासाचे बंधन नाही, आणि गोळ्यांचे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारावे. पॅरिशमध्ये नर्सची नोकरी करणाऱ्या मुली असतातच. गुड फ्रायडेला चर्चच्या दाराशी एक टेबल, त्यावर ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडरचा डबा आणि पिण्याचे पाणी एवढी सोय त्यांना सोबत घेऊन करता येईल.

– एक ख्रिस्ती आई, वसई (जि. पालघर)